नाकाचे घड्याळ आणि भुकेची वेळ

वसतिगृहातील मुलांविषयी पालकांच्या दोन तक्रारी वर्षानुवर्षे आमच्या कानी येतात. सकाळी पुढे पोहे ठेवले तरी मूल चार घास खाऊन उठते. आणि रात्रीचे जेवण आटोपल्यावर मात्र ट्रंकेतील चिवड्याचा डबा उघडतो. पहिल्या गोष्टीस आपण नखरे म्हणतो, दुसरीस हावरेपणा. या दोन्ही शब्दांचा वापर जरा जपून करावा, असे आम्हांस वाटते; कारण भुकेला वेळ असते, आणि त्या वेळेशी नाकाचा निकटचा संबंध आहे.

शरीरातील पेशींत सुमारे चोवीस तासांची एक लय चालते. काही जनुकांपासून प्रथिने तयार होतात, ती साचली की त्याच जनुकांचे काम थांबवितात आणि ती विरली की काम पुन्हा सुरू होते. ही यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रोसबॅश व यंग या शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेतातंतूंच्या फुलीवर, या लयीचे मुख्य घड्याळ आहे. ते उजेड-अंधाराप्रमाणे जुळते.

नाकाकडून आलेला गंधाचा संदेश मेंदूत प्रथम जेथे पोहोचतो, त्या घ्राणकंदात मात्र स्वतंत्र घड्याळ आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत 2004 साली असे दिसले की, मुख्य घड्याळ नष्ट केले तरी घ्राणकंदाची लय चालूच राहते. फक्त तिचे दिवस-रात्रीशी असलेले नाते तुटते. म्हणजे मुख्य घड्याळ वेळ जुळवून देते, चावी देत नाही. पुढे असेही आढळले की, वासाला मिळणारा प्रतिसाद दिवसाच्या सर्व प्रहरी सारखा नसतो.

मुलांचे काय? अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी 12 ते 15 वर्षे वयाच्या मुलामुलींना आठवडाभर मंद प्रकाशात ठेवून त्यांची गंधक्षमता वारंवार तपासली. सरासरीने ती रात्री नऊच्या सुमारास सर्वाधिक तीक्ष्ण होती, तर उत्तररात्री व पहाटे मंदावलेली. मुलामुलांत फरकही बराच होता, हे विसरू नये. प्रौढांवरील 2013 च्या एका अभ्यासात भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी व रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त आढळली, तीही रात्रभर काही न खाता! या दोन लयींपैकी एक दुसरीस कारणीभूत आहे, असे एवढ्यावरून म्हणता येणार नाही. त्या जोडीने चालतात, इतके मात्र दिसते.

मग जेवणाच्या घंटेस काही अर्थ आहे काय? याचे सुंदर उत्तर सशाच्या पिलांनी दिले आहे. सशीण आपल्या पिलांना चोवीस तासांतून बहुधा एकदाच पाजते, तेही जेमतेम तीन-चार मिनिटे. पिलांचे डोळे मिटलेले. आईच्या अंगचा विशिष्ट गंध हाच त्यांचा वाटाड्या. ती वेळ चुकली तर दिवसभराचा उपवास. म्हणून आई येण्याच्या थोडे आधीच पिले जागी होऊन चळवळू लागतात. मेक्सिकोतील वेराक्रुझ येथील संशोधकांनी पाजण्याची वेळ बदलून पाहिली, तेव्हा पिलांच्या घ्राणकंदातील लयही त्या वेळेमागोमाग सरकली. अन्न ठरलेल्या वेळी आले की नाकाचे घड्याळ त्याची वाट पाहू लागते. मूल म्हणजे सशाचे पिलू नव्हे; तरी रोज त्याच वेळी पानावर बसणाऱ्या मुलांची भूक घंटेच्या आधी जागी होते, हे ज्यांनी आपल्या भोजनगृहात वाढपाचे काम केले आहे, त्या माजी विद्यार्थ्यांस आम्ही सांगायला नको.

येथे कोणी विकालभोजनाच्या विरतीची आठवण काढील. मध्यान्हानंतर न जेवण्याचा तो नियम भिक्खूंसाठी आणि अष्टशील पाळणाऱ्या उपासकांसाठी आहे; वाढत्या वयाच्या मुलांसाठी नव्हे. विज्ञानाने त्यावर शिक्का मारला, असा दावाही आम्ही करणार नाही. आयतनांत ‘घाना’ला डोळ्या-कानांच्या पंक्तीत स्थान आहे, एवढे मात्र येथे नमूद करावेसे वाटते.

राहिला चिवड्याचा डबा. शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात 2019 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही प्रौढांना रात्री केवळ चार तास झोपू दिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मेंदूतील गंधकेंद्र खाद्यपदार्थांच्या वासाला अधिक ठळक प्रतिसाद देत होते. मात्र पोटाची खबर ठेवणाऱ्या भागाशी त्याचा संवाद क्षीण झाला होता. ज्यांच्यात तो अधिक क्षीण, त्यांचा हात तळलेल्या व गोड पदार्थांकडे अधिक वळला. परीक्षेच्या दिवसांत जागरण करणारी मुले अभ्यासिकेत फरसाण का शोधतात, याचा एक धागा येथे सापडतो. रविवारी भेटीस येताना पालकांनी डबा जरूर आणावा. आमच्या दृष्टीने दिवे मालवण्याची वेळ त्याहून महत्त्वाची आहे, आणि सवलतीसाठी येणारे अर्ज आम्ही त्यामुळेच बहुधा परत करतो.