प्रिंटरलाच विचारा

चाकण घ्या, रांजणगाव घ्या, नाहीतर बुटीबोरी. कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये पॅकिंग टेबलाशेजारी लोखंडी स्टँडवर एक करड्या रंगाचा, पंधरा-सोळा किलोचा डबा असतोच. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण तो थांबला की खोक्यावर लेबल नाही, लेबल नाही म्हणून स्कॅन नाही, स्कॅन नाही म्हणून इन्व्हॉइस निघत नाही, आणि भरायला आलेला ट्रक तसाच उभा. कोटींच्या यंत्रांच्या मानाने हा स्वस्तातला गडी, पण पाळीच्या शेवटच्या तासाला सगळ्यांचा जीव याच्यात अडकतो.

आतली करामत साधी आहे. सिरॅमिकच्या पट्टीवर तापणारे बारीक ठिपके असतात. दर मिलिमीटरला ८ या हिशेबाने १०४ मिलिमीटर रुंदीत ८३२. ठिपका तापला की रिबनवरचं मेण किंवा रेझिन वितळतं आणि लेबलावर बसतं. यातलं बिघडलेलं डोळ्यांना दिसतं: सुरकुतलेली रिबन, बारकोडवर उभी पांढरी रेघ. मेंटेनन्सचा माणूस ते दहा मिनिटांत निस्तरतो. खरा घोळ मागच्या बाजूला, जिथे नेटवर्कची केबल घुसते तिथे सुरू होतो.

या प्रिंटरांची बोलीभाषा बहुतेक ठिकाणी झेडपीएल. १९६९ मध्ये एड कॅप्लन आणि गॅरी क्लेस यांनी अमेरिकेत डेटा स्पेशॅलिटीज नावाची कंपनी काढली. १९८० च्या दशकात ती लेबलांकडे वळली आणि झेब्रा झाली. झेडपीएल तिची. आता इतर कंपन्यांचे प्रिंटरही ती समजून घेतात. प्रत्येक लेबल ‘एक्सए’ या आज्ञेने उघडतं, ‘एक्सझेड’ने मिटतं; मधला मजकूर साधी अक्षरं, जेमतेम काही शे बाइट. तेच लेबल देवनागरीत हवं असेल आणि प्रिंटरमध्ये त्या लिपीची नीट सोय नसेल, तर वेलांट्या भलतीकडे जातात. मग संगणक अख्खं लेबल चित्र करून पाठवतो. चार बाय सहा इंचांच्या लेबलाचं न आवळलेलं चित्र सुमारे सव्वा लाख बाइट भरतं. इंग्रजी लेबलं सुरळीत आणि मराठी अडखळत येत असतील, तर आधी हा आकार बघावा.

मजकूर आत शिरतो तो सहसा ९१०० क्रमांकाच्या पोर्टमधून. एचपीच्या जेटडायरेक्टने रूढ केलेला हा रस्ता फारच भोळा: जे येईल ते घ्यायचं आणि छापायचं. पासवर्ड नाही, ओळखपाळख नाही. म्हणून सुरक्षा तपासणीचं एखादं सॉफ्टवेअर रात्री नेटवर्कवरचे सगळे दरवाजे वाजवत फिरलं, की सकाळी प्रिंटरखाली अगम्य अक्षरांच्या लेबलांचा ढीग सापडू शकतो. दुसरी खोड अशी की बरेच लेबल प्रिंटर या दारातून एका वेळी एकालाच आत घेतात. गोदामाच्या सॉफ्टवेअरने जोडणी उघडली आणि मिटलीच नाही, तर बाकीचे बाहेर ताटकळतात. अशा वेळी पिंग अगदी छान चालतं. ‘पिंग येतंय, म्हणजे नेटवर्क ठीक’ असं म्हणून आयटीवाले फोन ठेवतात. पिंगने एवढंच कळतं की त्या पत्त्यावर कुणीतरी जागं आहे. ते कुणीतरी आपला प्रिंटरच आहे, हेसुद्धा कळत नाही. प्रिंटर बंद करून पुन्हा पिंग करावं. तरीही उत्तर आलं, तर एकाच पत्त्यावर दोघं राहताहेत.

संगणकाच्या पडद्यावरचा ‘ऑफलाइन’ हा शब्द तर या प्रकरणातला सर्वांत कच्चा साक्षीदार. विंडोज प्रिंटरची खबरबात अनेकदा एसएनएमपी नावाच्या वेगळ्याच मार्गाने विचारतं. तिथून उत्तर आलं नाही की ठणठणीत प्रिंटरवरही ऑफलाइनचा शिक्का मारतं. पोर्टच्या सेटिंगमधली एक खूण काढली की प्रिंटर ‘बरा’ होतो! तोवर त्याचं हेड, केबल, क्वचित मदरबोर्डसुद्धा बदलून झालेला असतो.

म्हणून चौकशी प्रिंटरपासूनच सुरू करावी. झेब्राच्या अनेक मॉडेलांवर कॅन्सलचं बटण दाबून धरून यंत्र चालू केलं, की ते स्वतःची माहिती लेबलावर छापून देतं. त्यात नेटवर्कच्या ओळी वाचाव्यात. पत्ता ०.०.०.० किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला, तर प्रिंटरला पत्ता मिळालेलाच नाही. कधी याचं कारण गमतीदार असतं. काही स्विच नवी जोडणी दिसल्यावर ती खुली करण्याआधी ३० सेकंद खात्री करून घेतात. प्रिंटर तेवढ्यात पत्ता मागून मागून गप्प बसतो. वीज गेली-आली की रोजचा घोळ, आणि केबल काढून लावली तरी तेच. औषध स्विचच्या सेटिंगमध्ये असतं, प्रिंटरमध्ये नव्हे. गेटवे चुकलेला असला तर शेजारच्या संगणकावरून लेबल निघतं, पण दुसऱ्या नेटवर्कवरच्या सर्व्हरवरून निघत नाही. आणि मॅक, म्हणजे नेटवर्क बोर्डाची स्वतःची ओळख, बघून आयपी पत्ता राखून ठेवला असेल, तर बोर्ड बदलल्यावर मॅकही बदलतो आणि ते आरक्षण निकामी होतं. बोर्ड बदलणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

पत्ता बरोबर, दारही उघडं, तरी लेबल चुकीचं किंवा कोरं? मग प्रिंटरला निदानाच्या मोडमध्ये टाकावं. आता तो लेबल बनवत नाही. जे बाइट कानावर पडतील ते जसेच्या तसे, अक्षरं आणि हेक्स आकड्यांत, कागदावर उतरवतो. मला या यंत्राचा हा गुण सर्वांत आवडतो. संगणकाने झेडपीएलऐवजी भलत्याच भाषेत फाइल पाठवली, की मधल्या कुणीतरी एक चिन्ह बदललं, याचा निकाल तिथेच लागतो. काहीच छापलं गेलं नाही, तर मजकूर इथवर पोचलाच नाही, आणि शोध मागे सरकवायचा.

मागे म्हणजे केबलकडे. इथरनेटची तांब्याची तार १०० मीटरपर्यंतची. कारखान्याच्या शेडमध्ये ती मर्यादा नकळत ओलांडली जाते. शिल्ड नसलेली केबल व्हीएफडीच्या, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या, मोटर केबलसोबत एकाच ट्रेमधून नेली, तर मोटर फिरताना अडचण आणि जेवणाच्या सुटीत सगळं ठीक, असा भुताटकीचा प्रकार होतो. स्विचवर वेग आणि डुप्लेक्स हाताने पक्के केलेले आणि प्रिंटरवर ऑटो असेल, तर छोटी लेबलं निघतात, मोठी अडतात. वायफायचं थोडक्यात सांगायचं तर, जुने प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात आणि सर्टिफिकेटांना मुदत असते.

हे सगळं शिकण्यासारखं आहे, पण शिकायचं कुणी? आयटीला हा मशीन वाटतो, मेंटेनन्सला संगणक. नवा स्विच बसवताना कुणी डिस्पॅचला विचारत नाही, प्रिंटर दुसऱ्या टेबलावर हलवताना कुणी आयटीला विचारत नाही. माझ्या मते यातली निम्मी दुखणी या दोन खात्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत जन्मतात. प्रिंटरच्या झाकणाच्या आत आयपी, मॅक, स्विचचा पोर्ट आणि जबाबदार माणसाचा एक्स्टेन्शन नंबर चिकटवलेला असेल, तर तो कारखाना शहाणा.

बंद पडलेल्या प्रिंटरपेक्षा अचानक सुरू झालेला प्रिंटर जास्त महागात पडू शकतो. जोडणी तुटलेली असताना ऑपरेटर ‘प्रिंट’ दाबत राहतो. प्रत्येक वेळी एक जॉब रांगेत लागतो. जोडणी आली की सगळे एकदम बाहेर. पॅलेटवरचा एसएससीसी हा १८ अंकी क्रमांक एका पॅलेटला एकच असायला हवा. आता त्याची चार-पाच जुळी भावंडं टेबलावर पडलेली. त्यातलं एक दुसऱ्या पॅलेटवर लागलं, तर ग्राहकाच्या गोदामात माल अडतो आणि कागदोपत्री एक पॅलेट नाहीसा होतो. म्हणून जाणते लोक आधी संगणकावरची रांग रिकामी करतात, मग केबल लावतात, एक चाचणीचं लेबल काढून स्कॅन करतात, आणि जास्तीची लेबलं मोजून फाडल्याशिवाय लाइन सुरू करू देत नाहीत.