माथुराचा हिस्सा

गोव्यास मांडवीतील तरंगत्या कॅसिनोत पोकर खेळू इच्छिणाऱ्याने आपल्या उज्जयिनीत घडणारे ‘मृच्छकटिक’ आठवावे. दुसऱ्या अंकात १० सुवर्ण हरलेला संवाहक ओस देवळात मूर्ती बनून लपतो. पण जुगारगृहाचा चालक माथुर तेथेच फासे टाकू लागतो आणि हा गृहस्थ आपण होऊन बाहेर येतो!

पोकरमध्ये खेळाडू परस्परांशीच झुंजतात. कॅसिनो स्वतः काही पणाला न लावता सहसा प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढून घेतो. कौटिल्याचा द्यूताध्यक्षही जिंकलेल्या धनातून शेकडा ५ घेई. त्यामुळे तुल्यबळ खेळाडूही हळूहळू हरतच जातात. म्हणून किती रुपयांच्या चकत्या घ्यायच्या व केव्हा उठायचे, हे घरूनच ठरवून निघावे. मेजावर बसल्यावर ते सुचत नाही. संवाहकालाही सुचले नव्हते.