हुसकावलेल्या स्त्रिया जातात कुठे?

घरातील लहानथोरांच्या हाती पडणाऱ्या मासिकात वेश्याव्यवसायावर लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु ज्या गोष्टीविषयी आपल्या वस्तीतील गृहस्थ पोलीस ठाण्यात अर्ज देतात, जिच्यामुळे मुलींना 'त्या थांब्यावर उभी राहू नकोस' असे बजावावे लागते, ती गोष्ट आपल्या घरात आधीच शिरलेली आहे. ती कुजबुजीच्या रूपाने शिरली आहे, एवढेच. तेव्हा थोडे उघडपणे बोललेले बरे.

हैदराबादेत या विषयाचा विचार 'मेहबूब की मेहंदी'पासून करावा लागतो. मुसी नदीच्या दक्षिणेस, जुन्या शहरात, कोठ्यांची ही वस्ती होती. आज तिचे नाव काढताना माणसे आवाज खाली आणतात. पण या शहरात तवायफ हा शब्द नेहमीच असा नव्हता. मह लका बाई चंदा (१७६८-१८२४) ही दरबारी गणिका उर्दूत दिवाण रचणाऱ्या पहिल्या काही कवयित्रींपैकी एक. तिला जहागीर होती, दरबारात मान होता आणि मौला अलीच्या टेकडीच्या पायथ्याशी तिचा मकबरा आजही उभा आहे. पुढे १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९४९ मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्या आणि गाणे ऐकून बिदागी देणारा वर्गच नाहीसा झाला. मुजरा काही काळ टिकला, मग तोही नावापुरता राहिला. कला आटत गेली आणि विक्रीस देह तेवढा उरला. हा ऱ्हास फक्त त्या स्त्रियांचा होता असे मानणे आपल्याला सोयीचे आहे. पण घेणारा कोणी असल्यावाचून काही विकले जात नाही.

१९९६ साली पोलिसांनी ही वस्ती रिकामी करविली. शहराला एक कलंक पुसल्याचे समाधान वाटले. परंतु वस्ती रिकामी झाली म्हणजे माणसे नाहीशी होत नाहीत. तेथील स्त्रिया भाड्याच्या खोल्यांत, लॉजांत, रेल्वे स्थानकांच्या आणि बसस्थानकांच्या आसपास, कोणी परगावी, अशा विखुरल्या. व्यवसाय बंद झाला नाही, त्याचा पत्ता तेवढा हरवला. त्याच वर्षी सुनीता कृष्णन आणि ब्रदर जोस वेट्टिकाटिल यांनी तेथील एका रिकाम्या झालेल्या कोठ्यात या स्त्रियांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली आणि त्यातून 'प्रज्वला' ही संस्था उभी राहिली. हुसकावून लावलेल्या आईच्या मुलाचे शिक्षण कोठे होणार, हा प्रश्न त्या वेळी या दोघांना पडला, हे शिक्षकाच्या पेशातील माणसाने विसरू नये.

पत्ता हरवल्याचा परिणाम लवकरच दिसू लागला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम १९९२ पासून चालू होता आणि त्या काळच्या आंध्र प्रदेशात या रोगाचा फैलाव देशात सर्वाधिक असलेल्या राज्यांइतका होता. कोठ्यावर आरोग्यसेविका जाऊ शकते, तपासणी करू शकते, पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊ शकते. रस्त्यावरची स्त्री आज या चौकात, तर उद्या भलत्याच. तिचा गिऱ्हाईक अनोळखी, वाहन अनोळखी, नेण्याची जागा अनोळखी. हाक मारली तर धावून येईल असे शेजारीण म्हणून कोणी नाही. कोठ्याची मालकीण तिचे शोषण करीत होती यात संशय नाही. पण रस्त्यावर आल्याने ती शोषणातून सुटली असे मात्र झाले नाही.

ही कथा एकट्या हैदराबादची नाही. गोव्यात वास्को शहरातील बायणा किनाऱ्यावरची वस्ती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जून २००४ मध्ये जमीनदोस्त करण्यात आली. तेथे आंध्र आणि कर्नाटकातून आलेल्या पुष्कळ स्त्रिया होत्या, म्हणजे एका अर्थाने आपल्याच शेजारपाजारच्या. त्याही पांगल्या. नागपुरात 'गंगा-जमुना' ही जुनी वस्ती ऑगस्ट २०२१ मध्ये रहिवाशांच्या तक्रारींनंतर पोलिसांनी अडथळे उभारून बंद केली आणि हा व्यवसाय आता शहरभर पसरेल, अशी चर्चा लगोलग सुरू झाली. मुंबईचा कामाठीपुरा तर ज्या कामाठ्यांच्या नावाने ओळखला जातो ते बांधकामावरील मजूर हैदराबादच्या मुलखातूनच तिकडे गेले होते. घाम गाळून मुंबई उभी करणाऱ्या तेलुगू कष्टकऱ्यांचे नाव अशा अर्थाने रूढ व्हावे, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता कायद्याकडे वळू, कारण याविषयी सुशिक्षितांतही विलक्षण गैरसमज आहेत. भारतात प्रौढ स्त्रीने स्वतः हा व्यवसाय करणे हा मुळात गुन्हा नाही. १९५६ चा कायदा, ज्याला १९८६ च्या दुरुस्तीपासून अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा म्हणतात, तो कुंटणखाना चालविणे, दुसऱ्याच्या कमाईवर जगणे, स्त्रीला फूस लावून वा विकत घेऊन या धंद्यात आणणे यांस शिक्षा सांगतो. देवालय, शाळा, वसतिगृह, रुग्णालय यांपासून दोनशे मीटरच्या आत हा व्यवसाय करणे गुन्हा आहे आणि त्या गुन्ह्यात गिऱ्हाईकही दोषी आहे. सार्वजनिक ठिकाणी खुणावणे वा बोलावणे हाही गुन्हा आहे. पण येथे एक गंमत पाहा. खुणावणारी स्त्री असेल तर पहिल्याच गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाच गुन्हा पुरुषाने केला तर कमाल मर्यादा तीन महिने! कायद्याच्या पुस्तकात ही विषमता छापलेली आहे आणि रस्त्यावर ती याहून मोठी होते. कारण संध्याकाळच्या धरपकडीत गाडीत बसविल्या जातात त्या बहुधा स्त्रियाच, मोटारसायकल वळवून पळणारा पुरुष घरी जाऊन जेवतो.

धरपकडीने काय साधते? एका फौजदारांनी मला मोकळेपणाने सांगितले होते, "सर, आम्ही उचलतो, दंड होतो, दोन दिवसांनी ती तिथंच दिसते." दिसणारच. दंडाचे पैसे तिने आणायचे कोठून? त्याच रस्त्यावरून. म्हणजे जी रात्र तिने कदाचित घरी काढली असती, तीही दंड फेडण्यासाठी बाहेर काढावी लागते. फौजदार वाईट नव्हते. त्यांच्यावर वस्तीचा दबाव होता, आणि आकडे दाखविण्याची सोय याच मार्गात होती.

वस्तीची बाजूही खोटी नसते, हे मी आवर्जून सांगतो. काही वर्षांपूर्वी शाळेजवळच्या एका मोहल्ल्यात रहिवाशांची बैठक भरली. मुख्याध्यापकाची सही असली की अर्जाला वजन येते, म्हणून मला बोलावणे आले. अर्ज तयार होता: 'सदर स्त्रियांना येथून हटवावे.' मी विचारले, नेमका त्रास काय, ते एकेकाने सांगा. एक भगिनी म्हणाल्या, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी बसची वाट पाहत असता पुरुष गाडी थांबवून तिला 'चलतीस का' असे विचारतात. दुकानदार म्हणाले, रात्री दारू पिऊन भांडणे होतात, बाटल्या फुटतात. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "मास्तरसाहेब, त्यांना इथून हलवा, मग पुढं कुठंही जाऊ द्या." 'पुढे कुठेही' म्हणजे पुढच्या शाळेसमोर, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

सगळ्यांचे बोलून झाल्यावर कागदावर पाहिले, तर मुलींना अडविणारे पुरुष, भांडणारे पुरुष, बाटल्या फोडणारे पुरुष. त्या स्त्रियांनी कोणाला काही केल्याची एकही तक्रार त्यात नव्हती. त्यांचे तेथे असणे हीच तक्रार होती. मग अर्ज नव्याने लिहिला गेला. बंद पडलेले दोन दिवे सुरू करावेत. बसचा थांबा अंधाऱ्या भिंतीपासून दुकानांच्या उजेडात आणावा. दारूच्या दुकानाची वेळ काटेकोर पाळली जावी. घिरट्या घालणाऱ्या वाहनांचे क्रमांक रहिवासी टिपून देतील, त्यांवर पोलिसांनी कारवाई करावी. हैदराबादेत २०१४ पासून 'शी टीम्स' आहेत. मुलींच्या छेडछाडीची तक्रार त्यांच्याकडे द्यावी. दिवे तीन महिन्यांनी लागले, थांबा हलायला वर्ष गेले. वाहनांच्या घिरट्या मात्र क्रमांक टिपले जात आहेत हे कळताच पुष्कळ कमी झाल्या. स्त्रिया पूर्णपणे गेल्या नाहीत. दोघी-तिघी दिसतात, पण वस्तीतून आता अर्ज येत नाही.

इंग्लंडचा अनुभवही याच वळणाचा आहे. १९५७ च्या वुल्फेंडन अहवालानंतर तेथे १९५९ मध्ये रस्त्यावरील वेश्यांविरुद्ध कडक कायदा झाला. लंडनचे रस्ते स्वच्छ दिसू लागले आणि व्यवसाय खोल्यांत, दुकानांच्या काचांवर लावलेल्या चिठ्ठ्यांत शिरला. मोटारीतून सावकाश फिरत स्त्रिया हेरणाऱ्या पुरुषांना गुन्हेगार ठरविण्यास तेथील संसदेला १९८५ उजाडावे लागले. स्वीडनने १९९९ मध्ये फक्त गिऱ्हाईकाला शिक्षा ठेवली. न्यूझीलंडने २००३ मध्ये प्रौढांच्या संमतीचा हा व्यवहार गुन्ह्याच्या कक्षेतूनच काढला. यांपैकी कोणती वाट चांगली याचा वाद तेथेही मिटलेला नाही आणि आपली परिस्थिती वेगळी आहे. पण स्त्रीला एका चौकातून दुसऱ्या चौकात हाकणे हा उपाय नव्हे, याविषयी दोन्ही देशांचे एकमत दिसते.

पोलिसांची खरी कठोरता कोठे लागावी, याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. २०१८ साली यादगिरीगुट्ट्यासारख्या तीर्थक्षेत्रात राचकोंडा पोलिसांनी अल्पवयीन मुलींची सुटका केली, तेव्हा सारे तेलंगण हादरले. येथे संमतीचा प्रश्नच नाही. हा सरळ मानवी व्यापार आहे. अशा दलालांना वर्षभर स्थानबद्ध ठेवण्याची तरतूद १९८६ च्या राज्य कायद्यात आहे. त्या कायद्यात गुंड आणि जमीन बळकावणारे यांच्या पंगतीत अनैतिक व्यापार करणारेही बसविले आहेत, ते योग्यच आहे. शक्ती मर्यादित असेल तर ती चौकातील चाळिशीच्या बाईवर खर्च करावी की मुली विकणाऱ्यावर? १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्यातील एका खुनाच्या खटल्यातून उद्भवलेल्या प्रकरणात पोलिसांना बजावले आहे की, या स्त्रियांशी सन्मानाने वागावे, शिवीगाळ व मारहाण करू नये आणि त्यांच्यापाशी निरोध सापडणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये. या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व सामान्य माणसाला चटकन कळत नाही. जवळ बाळगल्याने अटक होते असे कळले की ती स्त्री ते बाळगीत नाही, आणि मग रोग गिऱ्हाईकाबरोबर एखाद्या अजाण गृहिणीच्या घरात जातो.

पुनर्वसनाविषयी बोलताना शिवणयंत्राच्या पलीकडे आपली कल्पना सहसा जात नाही. दिवसभर शिवून मिळणारी मजुरी खोलीच्या भाड्यालाही पुरत नसेल, तर यंत्र विकले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली मुंबईत कामाठीपुऱ्यातील स्त्रियांना हे जीवन सोडण्याचे आवाहन केले होते. सोडल्यावर खायचे काय, हा प्रश्न त्या स्त्रियांपुढे तेव्हाही होता आणि आजही तो तसाच समोर उभा आहे. रेशनकार्ड, बँकेचे खाते, भाड्याने खोली देणारा मालक आणि मुलाला शाळेत प्रवेश या चार गोष्टी मिळाल्या तर मार्ग निघू शकतो. पैकी चौथी माझ्या अखत्यारीतील.

वेश्यांच्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा आणि वसतिगृहे काढावीत, अशी मागणी गौरव जैन यांनी सर्वोच्च न्यायालयात केली होती. स्वतंत्र शाळा त्या मुलांच्या हिताच्या नाहीत, असे न्यायालयाने सांगितले. १९९७ च्या निकालात तर त्यांचा समान संधीचा आणि इतरांत मिसळण्याचा हक्क स्पष्टपणे मांडला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वयाचा दाखला वा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारण्याची सोयही उरली नाही. कागदावर सारे आहे. अडचण वेगळीच येते. आईला एका चौकातून हुसकावले की ती खोली बदलते, आणि मूल दाखला न घेता एका सोमवारी यायचे थांबते. हजेरीपटात लाल शाईने गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात. शिक्षक विचारतात, "सर, नाव कमी करू?"

सातवीतल्या एका मुलाबाबत असे झाले तेव्हा मी नाव कमी करू दिले नाही. गणितात तो बरा होता. ऑगस्टमध्ये गेलेला मुलगा फेब्रुवारीत परत आला, गणवेश आखूड झालेला. कुठे होतास, असे कोणी विचारू नये, एवढे वर्गशिक्षिकाबाईंना सांगून ठेवले होते. त्यांनी त्याला पूर्वीच्याच बाकावर बसविले, आणि त्या दिवशी भागाकाराची जी उदाहरणे चालू होती ती त्याने इतरांबरोबर वहीत उतरवून घेतली.