फुरशाचे विष आणि न गोठणारे रक्त

रत्नागिरीच्या सड्यावर जांभ्याचा दगड उचलताना हात जपून घालावा लागतो. खाली फुरसे असायचे. फूट-दीड फुटाचा साप. डिवचला की खवल्यावर खवला घासून खरखरतो. ब्रिटिश अमदानीत या जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्याला सरकारी इनाम मिळे, इतकी त्याची दहशत होती.

फुरशाचे विष काय करते ते कळायला आधी साधी जखम पाहू. कोयतीने बोट कापले की रक्तवाहिनी आकसते. तिच्या फाटलेल्या भिंतीत उघड्या पडलेल्या कोलॅजेनला प्लेटलेट्स चिकटतात आणि भोक बुजवतात. पण हे बूच कच्चे. पक्के काम थ्रॉम्बिनचे: ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे चिवट धागे तयार करते. त्यांच्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकतात आणि गुठळी धरते. एरवी थ्रॉम्बिन रक्तात प्रोथ्रॉम्बिन या निष्क्रिय रूपात फिरते; जागे होते ते जखमेपाशीच. माझ्या मते यातले खरे नवल हा संयमच आहे.

फुरशाच्या विषातले एकारिन हे द्रव्य नेमका तोच संयम मोडते. जखम असो वा नसो, प्रोथ्रॉम्बिन रक्तभर जागे होते. फायब्रिन बनत राहते, शरीर ते विरघळवत राहते आणि काही तासांत फायब्रिनोजेनचा साठाच आटतो. मग हिरड्यांतून, लघवीतून, दंशाच्या जागेतून रक्त झिरपते आणि थांबत नाही. विषातली इतर द्रव्ये केशवाहिन्यांच्या भिंतीही पोखरतात.

याचे निदान करायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. रुग्णाचे २ मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवायचे, मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिले, तर विष भिनले आहे. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लॅस्टिकच्या नळीत निकाल फसतो. प्रतिविष दिल्यावर ही चाचणी सहा तासांनी पुन्हा करतात. प्रतिविष विष निकामी करते, पण फायब्रिनोजेन नव्याने बनवायला यकृताला तेवढा वेळ द्यावा लागतो.

म्हणून फुरसे चावले तर जखमेवर चिरा देऊ नका. रक्त गोठतच नसेल, तर तोच चिरा जिवावर बेतेल. करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता थेट प्रतिविष असलेले रुग्णालय गाठा.