डोंगरची काळी मैना

वैशाख लागला की सह्याद्रीच्या जाळ्यांत करवंदे काळी होऊ लागतात. बाजारात ‘डोंगरची काळी मैना’ म्हणून ती विकतात. पोरे तर फळ फोडण्याआधी विचारतात, कोंबडा की कोंबडी? गर लाल निघाला तर कोंबडा, पांढरट निघाला तर कोंबडी!

तुम्ही म्हणाल, करवंद कोणाला ठाऊक नाही? मोठ्यांना ठाऊक असते हो. पण गुरांमागे रानात जातात ती लहान पोरे. फळ दिसले की तोंडात टाकतात. म्हणून आम्ही सांगतो ती खूण त्यांना झाडापाशी नेऊन दाखवा.

करवंदीची पाने जाड, तकतकीत. ती समोरासमोर जोडीने येतात. काटा सरळ नि टणक, पुष्कळदा टोकाला दुहेरी. फूल पांढरे, जुईसारखे, वासाचे. फांदी मोडली की पांढरा चीक येतो. नुसत्या चिकावर मात्र भरवसा ठेवू नये. करवंद हे कण्हेरीच्याच कुळातले. पिवळ्या कण्हेरीलाही चीक असतो, आणि तिचे फळ जीवघेणे आहे! तिला काटे नसतात आणि पाने लांब, अरुंद असतात.

दुसरी घाणेरी. तिची फळे मण्याएवढी, झुबक्याने लागतात. पान खरखरीत, चुरगाळले की उग्र वास येतो. तिची हिरवी फळे खाऊन मुले आजारी पडतात. असे झाले तर घरी उपाय करीत बसू नये. पोराला लगेच दवाखान्यात न्यावे. त्या झाडाची डहाळी बरोबर घ्यावी, म्हणजे डॉक्टरांना उमगते.

आता वापराचे. कच्ची करवंदे मिठाच्या पाण्यात धुतली की चीक कमी होतो. चार करवंदे ठेचून आमटीत घाला, चिंच नको. लोणचे चिनीमातीच्या बरणीत घालावे. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ते कळकते.

पिकले फळ एक-दोन दिवसांत नरमते. विकायचे तर पहाटे तोडून त्याच दिवशी बाजार गाठावा. सगळा माल पिकेपर्यंत थांबू नये. थोडा कच्चाच काढून लोणच्यासाठी विकावा, तो जास्त टिकतो. पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणाऱ्यांना 2006 च्या वनहक्क कायद्याने रानमेवा गोळा करून विकण्याचा हक्क दिला आहे. आपल्या गावाचा दावा कुठवर आला, ते ग्रामसभेत विचारावे.

खाऊन उरलेले बी फेकू नका. पावसाच्या तोंडाला ते ताजेच बांधावर टोचा. वाळवून ठेवलेले नीट उगवत नाही. जाळी वाढली की गुरे शेतात शिरत नाहीत.