माती, साचा आणि शिल्प

तृतीय वर्ष, शिल्पकला

वार्षिक प्रदर्शनात शिल्पकला विभागाच्या दालनात येणारे पाहुणे साधारणपणे दोन प्रश्न विचारतात. पहिला, "हे कशाचे केले आहे?" आणि दुसरा, "किती दिवस लागले?" चित्रकला विभागातील आमचे मित्रही याहून फार वेगळे विचारीत नाहीत. यात त्यांचा दोष नाही. चित्र ज्या पृष्ठभागावर रंगविले जाते तेथेच ते पूर्ण होते व तसेच लोकांपुढे येते. शिल्पाचे तसे नाही. प्रदर्शनात मांडलेले व्यक्तिशिल्प शिल्पकाराने बोटांनी घडविलेले मूळ शिल्प बहुधा नसतेच. मूळ मातीचे शिल्प केव्हाच मोडून पिंपात गेलेले असते. मधल्या काळात काय घडले ते कार्यशाळेच्या दाराआड राहते. ते दार थोडेसे उघडून दाखवावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

शिल्प घडविण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. दगडातून किंवा लाकडातून नको असलेला भाग काढून टाकीत जाणे हा एक, आणि माती किंवा मेण थरावर थर लावून आकार वाढवीत नेणे हा दुसरा. पहिल्या मार्गाचे सर्वांत भव्य उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात एकाच खडकातून वरून खाली कोरीत आणले गेले. तेथे चुकून उडालेला दगड परत लावण्याची सोय नव्हती. दुसरा मार्गही आपल्याला परका नाही. पेणच्या गणपतींपासून बैलपोळ्याच्या मातीच्या बैलांपर्यंत तो घरोघर परिचित आहे. मात्र समोर मॉडेल बसवून, मापे घेऊन, मातीतून प्लास्टरमध्ये आणि प्लास्टरमधून धातूत जाण्याची जी शिस्त आपण महाविद्यालयात शिकतो, ती युरोपीय कलाशाळांकडून आली. मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली व १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग तेथे वास्तुशिल्प शिकविण्यासाठी आले. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या, प्रवेशद्वारावरील उठावशिल्पे त्यांची आहेत. पुढे व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, सजावटीवर याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी काम केले. म्हणजे आपल्याकडील शिल्पशिक्षणाची सुरुवातच मुळी कामाच्या जागी झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सांगाडा

नवीन विद्यार्थ्याला वाटते की शिल्पाची सुरुवात मातीपासून होते. वस्तुतः ती लोखंडापासून होते. ओली माती अतिशय जड असते. माणसाच्या मस्तकाएवढा मातीचा गोळा नुसता पाटावर ठेवला तर काही तासांत तो स्वतःच्या वजनाने खाली बसू लागतो. म्हणून आधी लाकडी पाटावर उभी सळई घट्ट बसवावी लागते व तिला वळविता येणाऱ्या तारेचा सांगाडा जोडावा लागतो. कार्यशाळेत याला आर्मेचर म्हणतात. या तारांना लाकडाच्या दोन चिपा फुलीसारख्या बांधून जागोजागी लोंबत्या सोडतात. त्यांचे नाव मोठे गोड आहे : फुलपाखरे. ही फुलपाखरे मातीत बुडून राहतात आणि तिचे वजन तोलून धरतात. हनुवटीखाली आणि कवटीच्या मागच्या फुगीर भागात ती हवीतच. आमच्या वर्गातील एका मित्राने ती बांधण्याचा कंटाळा केला. त्याचे जवळजवळ पुरे झालेले मस्तक एका रात्रीत छातीवर झुकले. सकाळी पाहिले तर शिल्प जणू झोपी गेलेले! आम्ही हसलो, तोही हसला. पण तीन आठवड्यांचे काम गेले ते गेलेच.

सांगाडा करताना पुढचे सारे शिल्प डोळ्यांपुढे असावे लागते. मान किती कलणार, हात कोठपर्यंत जाणार, वजन कोणत्या पायावर पडणार, हे आधी ठरले नाही तर पुढे नको त्या ठिकाणी मातीतून तार डोकावू लागते. म्हणून आमचे सर सांगाड्याचे निरीक्षण केल्याखेरीज मातीला हात लावू देत नाहीत. प्रथम प्रथम ही सक्ती जाचक वाटते.

परंतु या सक्तीचा अर्थ केवढा मोठा आहे हे अलीकडे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. मालवणजवळ राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा सुमारे ३५ फूट उंचीचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही तो उभा राहिला नाही. शासनाच्या चौकशी समितीने जी कारणे दिली त्यांत गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग यांचा समावेश होता. या घटनेवर वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. त्यातील राजकारणाशी येथे कर्तव्य नाही. शिल्पकलेच्या विद्यार्थ्याने मात्र त्यातून एक गोष्ट घेतलीच पाहिजे. पुतळ्याचा चेहरा, मुद्रा, वस्त्रांच्या चुण्या यांवर आपण तासन् तास चर्चा करतो; पुतळा उभा राहतो तो मात्र आतल्या, कोणालाही न दिसणाऱ्या लोखंडावर. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याला शिल्पातील भाव कळत नाहीत. उघडा राहिलेला जोड त्याला नेमका सापडतो.

माती

आपण वापरतो ती बहुधा शाडूची किंवा कुंभाराकडची चाळलेली माती. ती भिजवून, तुडवून, खडे आणि हवेचे बुडबुडे काढून लोण्यासारखी मऊ करावी लागते. हे काम पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे असते व त्यांना ते हमखास हलके वाटते. परंतु मातीचा कस ओळखण्याचा दुसरा मार्ग नाही. फार ओली माती बोटाला चिकटते. फार कोरडी माती पहिल्या थराला धरत नाही व पुढे तडकते. योग्य मातीत अंगठा दाबला की ठसा स्वच्छ उमटतो आणि अंगठा कोरडा परत येतो.

काम चालू असेपर्यंत माती मरू द्यायची नाही, हा कार्यशाळेतील पहिला नियम होय. रोज संध्याकाळी शिल्पावर ओले फडके गुंडाळून वरून प्लास्टिक बांधायचे. दिवाळीच्या सुटीत गावी जाणाऱ्याने पाणी मारण्याचे काम कोणावर तरी सोपवून जायचे. एरवी एकमेकांच्या कामावर कडाडून टीका करणारे विद्यार्थी सुटीत एकमेकांच्या शिल्पांवर पाणी शिंपडीत असतात, हे दृश्य आमच्याच विभागात पाहावयास मिळते.

साचा

मातीचे शिल्प पूर्ण झाले की त्याचा साचा काढायचा. याचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे वेस्ट मोल्ड. हा साचा एकदाच वापरता येतो, कारण शेवटी तो फोडावाच लागतो.

प्रथम शिल्पाचे दोन किंवा अधिक भाग कोठे पडतील ती रेषा ठरवायची. मस्तकाच्या बाबतीत ती बहुधा कानांच्या मागून जाते. या रेषेवर पत्र्याचे पातळ तुकडे एकाला एक चिकटून मातीत खोचायचे. मग प्लास्टर कालवायचे. येथे नेहमी प्लास्टर पाण्यात टाकतात, पाणी प्लास्टरवर ओतीत नाहीत. घमेल्यातील पाण्यात ते मुठीने भुरभुरत सोडायचे. पृष्ठभागावर त्याची लहान लहान बेटे दिसू लागली की थांबायचे, आणि मगच हात तळाशी नेऊन हलके ढवळायचे. पहिल्या पातळ थरासाठी या पाण्यात थोडी नीळ किंवा गेरू मिसळतात. हा रंगीत थर बोटांनी शिल्पावर उडवीत लावायचा, म्हणजे डोळ्यांच्या खोबणीत, ओठांच्या फटीत तो पोहोचतो. त्यावर पांढऱ्या प्लास्टरचा जाड थर. मोठा साचा असेल तर त्यात काथ्या आणि सळ्या.

प्लास्टर घट्ट झाल्यावर पत्र्याच्या रेषेवर पाणी सोडीत साचा उघडतात, आणि आतील माती खरवडून बाहेर काढतात. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा क्षण मोठा कठीण असतो. महिनाभर रोज ज्या चेहऱ्याशी बोलणे चालले होते तो गोळे होऊन पिंपात जातो, आणि हातात उरते ती एक पोकळी. नाकाच्या जागी खड्डा, डोळ्याच्या जागी उंचवटा. साचा धुऊन, आतून साबणाचा हात देऊन, सांधून, त्यात नवे प्लास्टर व काथ्या भरायचा. ते घट्ट झाले की छिन्नी आणि लाकडी हातोडीने बाहेरचा साचा फोडायला लागायचे. पांढरा थर निर्धास्त उडवावा. निळा थर दिसला की हात आपोआप आखडतो, कारण त्याच्या पलीकडे शिल्प आहे. नीळ घालण्याचे कारण पहिल्यांदा येथे समजते. चार पैशांची नीळ नाकाचा शेंडा वाचविते.

प्लास्टरचे हे घट्ट होणे म्हणजे नुसते वाळणे नव्हे. जिप्सम हा खनिज पदार्थ सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला की त्यातील पाण्याचा तीन-चतुर्थांश भाग निघून जातो. उरते ती प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी. पाणी मिळताच ती गमावलेले पाणी परत घेते, पुन्हा जिप्सम होते आणि होताना उष्णता बाहेर टाकते. त्याच वेळी ते किंचित फुगते, म्हणून साच्यातील बारीकसारीक रेषाही उचलते. आपल्याकडील या माध्यमाची कीर्ती एका विद्यार्थ्याच्या कामाने झाली. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत, १८९६ च्या सुमारास, केलेले 'मंदिरपथगामिनी' हे नऊवारी नेसलेल्या तरुणीचे शिल्प प्लास्टरमधील आहे. निऱ्यांचा तो मऊपणा मूळ मातीतला. तो टिकविला साच्याने.

धातू

प्लास्टरमधून धातूत जाण्यासाठी मेणाचा टप्पा घ्यावा लागतो. प्लास्टरच्या शिल्पावरून पुन्हा साचा काढून त्यात मेणाचा पातळ थर देतात व आत गाभा भरतात. मेणावर धातू आत जाण्याचे आणि हवा बाहेर पडण्याचे मार्ग मेणाच्याच नळ्यांनी जोडतात. हे सारे विटांची भुकटी व प्लास्टर यांच्या लगद्यात बंद करून भट्टीत तापविले की मेण वितळून निघून जाते आणि त्या रिकाम्या जागेत वितळलेले कांसे ओततात. मोहेंजोदडोची सुमारे साडेदहा सेंटिमीटर उंचीची नर्तकी याच तत्त्वाने ओतलेली आहे, आणि बस्तरचे कारागीर आजही याच तत्त्वाने काम करतात.

ओतकामाच्या संदर्भात विनायकराव करमरकर यांचे नाव घेतलेच पाहिजे. पुण्यातील त्यांच्या अश्वारूढ शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण १९२८ साली झाले. एवढ्या आकाराचे ओतकाम करण्यासाठी त्यांना मुंबईच्या माझगाव गोदीचा आधार घ्यावा लागला. जहाजे बांधणाऱ्यांच्या भट्टीवाचून तो घोडा धावला नसता. याच करमरकरांनी पुढे सिमेंटसारख्या साध्या वस्तूतून उत्तम शिल्पे केली. अलिबागजवळ सासवणे येथे त्यांच्या घरी ती जपून ठेवली आहेत. सहलीला अलिबागपर्यंत जाणाऱ्या आपल्या मुलांनी तेवढे पुढे जावेच.

हात आणि श्वास

आमच्या कार्यशाळेत साचेकाम शिकविणारे एक वयस्क कर्मचारी आहेत. सारे विद्यार्थी त्यांना 'मामा' म्हणतात. पदवी नाही; पण प्लास्टर केव्हा उघडायचे हे ते साच्यावर तळहात ठेवून सांगतात. एकदा मी विचारले, "मामा, घड्याळ का नाही लावत?" ते म्हणाले, "बाळा, घड्याळाला गरम-गार कळत नाही. आधी तापू दे, मग निवू दे. निवला की उघड." वर जे रसायनशास्त्र सांगितले, ते सारे या एका वाक्यात आहे.

याच मामांनी आम्हाला दोन ताकिदी दिल्या. त्या येथे मुद्दाम नोंदवितो. पहिली, स्वतःच्या हाताचा साचा काढण्यासाठी प्लास्टरच्या घमेल्यात हात रोवून बसायचे नाही. जाड प्लास्टर गोठताना चांगलेच तापते व हात आत अडकतो. इंग्लंडमध्ये २००७ साली एका शाळकरी मुलीला अशाच प्रकारात आपली बहुतेक बोटे गमवावी लागली. दुसरी, धुळीला क्षुल्लक समजायचे नाही. वालुकाश्मासारख्या दगडाच्या धुळीतील सिलिका फुप्फुसात साठली की सिलिकोसिस होतो व तो बरा होत नाही. राजस्थानात पिंडवाड्याच्या परिसरात मंदिरांसाठी दगड कोरणाऱ्या अनेक कारागिरांना तो जडला आहे. वाळलेल्या शाडूच्या धुळीतही सिलिका असते. म्हणून फरशी कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसावी, दगड कोरताना पाणी मारावे आणि चांगल्या प्रतीचा मास्क वापरावा. तोंडाला रुमाल बांधल्याने ही बारीक धूळ अडत नाही.

एक विनंती

आज आपल्या परीक्षेत गुण मिळतात ते पुऱ्या झालेल्या शिल्पाला. सांगाडा, साचा, ओतकाम यांना वेगळे गुण नाहीत. साहजिकच परीक्षा जवळ आली की पुष्कळ विद्यार्थी साचेकाम बाहेरच्या कारागिराकडे देतात व तयार प्लास्टर घेऊन येतात. कारागिराची मदत घेण्यात कमीपणा नाही. मोठमोठ्या शिल्पकारांनीही ती घेतली आहे. पण ज्याने स्वतः कधी साचा उघडला नाही, त्याला कारागिराचे काम चांगले की वाईट हे पारखता येणार नाही. उद्या एखाद्या चौकात आपल्या नावाचा पुतळा उभा राहील, तेव्हा आतला जोड तपासण्याची जबाबदारी आपलीच असेल.

म्हणून प्राध्यापकवर्गाला विनंती आहे की सांगाडा आणि साचा या दोन टप्प्यांची तपासणी परीक्षेचा भाग करावी, आणि चित्रकला व उपयोजित कला विभागांच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही वर्षातून निदान आठ दिवस कार्यशाळेत पाठवावे. मामांच्या निवृत्तीला आता फार काळ उरलेला नाही. त्यांच्या तळहाताला जे कळते ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात छापलेले नाही. ते असेपर्यंत जितक्या जणांना त्यांच्याशेजारी उभे राहता येईल तितके बरे.