ट्रॅक्टर वॉरंटीत बिघडला तर डीलरकडून हक्काची दुरुस्ती कशी मिळवावी?

नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी व परिसरात कपाशी, सोयाबीन, तूर, मका आणि हरभरा ही पिके घेतली जातात. काळ्या जमिनीत पेरणीयोग्य वाफसा मोजकेच दिवस टिकतो. त्या दिवसांत ट्रॅक्टर वर्कशॉपमध्ये उभा राहिला, तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा पेरणी लांबल्याचे नुकसान मोठे असते. त्यात वॉरंटीतील ट्रॅक्टर असूनही ‘हा भाग वॉरंटीत बसत नाही’, ‘तुमच्या वापरामुळे बिघडला’, ‘कंपनीकडून मंजुरी आली नाही’ अशी उत्तरे मिळतात.

अशा वेळी बहुतेक शेतकरी फोनवर तक्रार करतात आणि वाट पाहतात. वॉरंटीचा दावा मात्र फोनवर नव्हे, तर कागदावर ठरतो. बिघाड झाला त्याच दिवशी तयार झालेला कागद पुढे कंपनीपुढे आणि ग्राहक आयोगापुढेही उपयोगी पडतो. कोणते कागद ठेवावेत, कोणाला जबाबदार धरावे आणि दाद कोठे मागावी, याची माहिती या लेखात दिली आहे. पिकअप, मालवाहू गाडी किंवा कार यांनाही यातील बहुतेक बाबी लागू होतात.

वॉरंटीत काय येते, काय येत नाही

ट्रॅक्टरची वॉरंटी ठरावीक वर्षे किंवा ठरावीक तास, यापैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत असते. म्हणून खरेदीच्या दिवसाइतकाच हवर मीटर महत्त्वाचा आहे. हवर मीटर बंद पडल्यास तो लगेच दुरुस्त करून घ्यावा आणि बदलल्याची नोंद सर्व्हिस बुकमध्ये घ्यावी. मीटर बंद असताना झालेले तास सिद्ध करणे अवघड जाते.

वॉरंटी कार्ड वाचताना पुढील तीन गट वेगळे करावेत.

- कंपनीची वॉरंटी असलेले भाग : इंजिन, गिअर बॉक्स, हायड्रॉलिक, मागील एक्सल, क्राउन-पिनियन इत्यादी. साहित्यात किंवा बनावटीत दोष असल्यास भाग दुरुस्त करून किंवा बदलून मिळतो.
- भाग बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी असलेले भाग : टायर, बॅटरी आणि अनेकदा डिझेल पंप. यांचा दावा संबंधित उत्पादकाच्या नियमांनुसार चालतो. टायर आणि बॅटरीचे क्रमांक बिलावर किंवा वॉरंटी कार्डवर लिहून घ्यावेत.
- झिजणारे भाग : क्लच प्लेट, ब्रेक लायनर, फिल्टर, बेल्ट, रबरी पाइप, ऑइल. सामान्य झीज वॉरंटीत येत नाही. मात्र क्लच प्लेट फार कमी तासांत जळाली असेल, तर प्रेशर प्लेट, ऑइल सीलमधील गळती किंवा चुकीचे सेटिंग हे कारण आहे का, ते लेखी विचारावे. सील गळून तेल प्लेटवर आले असेल तर त्या बिघाडाला ‘झीज’ म्हणता येत नाही.

सर्व्हिस चुकली की दावा कमजोर होतो

नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस साधारणपणे ५० तासांच्या आसपास असते. पुढील सर्व्हिसचे तास पुस्तिकेत दिलेले असतात. मोफत सर्व्हिसमध्ये मजुरी मोफत असली तरी ऑइल आणि फिल्टरचे पैसे बहुधा द्यावे लागतात. ते वाचवण्यासाठी सर्व्हिस टाळू नये. वॉरंटी नाकारताना सर्व्हिस वेळेवर झाली नाही, हेच कारण सर्वाधिक पुढे केले जाते.

प्रत्येक सर्व्हिसला पुढील काळजी घ्यावी.

- सर्व्हिस बुकवर तारीख, हवर मीटर, शिक्का आणि सही घ्यावी.
- ऑइल आणि फिल्टरचे बिल त्याच पुस्तिकेला जोडून ठेवावे.
- हंगामात डीलरकडे वेळ मिळत नसेल, तर ‘सर्व्हिसची वेळ झाली आहे, तारीख द्यावी’ असा मेसेज पाठवावा. उशीर कोणामुळे झाला, हे त्यातून दिसते.
- कोरड्या जमिनीत रोटाव्हेटर चालवताना किंवा मळणीच्या वेळी धूळ जास्त असते. एअर क्लिनर पुस्तिकेतील वेळेपेक्षा लवकर साफ करावा आणि तारीख वहीत लिहावी. इंजिनमध्ये धूळ गेल्याचे आढळल्यास वॉरंटी नाकारली जाते.
- डिझेल स्वच्छ कॅनमध्ये साठवावे, वॉटर सेपरेटरमधील पाणी काढावे आणि पंपाची पावती ठेवावी.

बिघाड झाला त्या दिवशी काय करावे

१. ट्रॅक्टर ओढत-ढकलत चालू ठेवू नये. ऑइल प्रेशरचा दिवा लागल्यावर किंवा गिअर बॉक्समधून आवाज आल्यावर काम चालू ठेवल्यास पुढचे नुकसान तुमच्या नावावर लिहिले जाते.

२. हवर मीटर, गळती, तुटलेला भाग, चेसिस व इंजिन क्रमांक यांचे फोटो आणि आवाजाचा व्हिडिओ काढावा.

३. ओळखीच्या मेकॅनिककडून भाग खोलू नये. अधिकृत मेकॅनिकच्या आधी सील उघडले गेले, तर दावा नाकारण्यास आयते कारण मिळते.

४. डीलरकडे ट्रॅक्टर देताना जॉब कार्ड घेतल्याशिवाय परत येऊ नये. त्यावर तारीख, हवर मीटर, तक्रार आणि अंदाजे तयार होण्याचा दिवस असावा. तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्यावी. ‘जनरल चेकअप’ असे लिहिल्यास मूळ तक्रार नोंदवलीच जात नाही. ‘लिफ्ट भारासह दहा मिनिटांत खाली बसते’ किंवा ‘तिसऱ्या गिअरमध्ये आवाज येतो’ असे स्पष्ट लिहावे.

५. मेकॅनिक शेतावर आला असेल, तर त्याच्या भेटीची स्लिप घ्यावी. स्लिप नसेल तर त्याच दिवशी डीलरला मेसेज करून भेटीची तारीख आणि त्याने सांगितलेले कारण कळवावे.

६. भाग बदलल्यास बिलावर किंवा जॉब कार्डवर भागाचे नाव व क्रमांक असावा. तुम्ही पैसे भरले असतील तर जुना भाग मागून घ्यावा. वॉरंटीत बदललेला जुना भाग बहुधा कंपनीकडे जातो, म्हणून त्याचा फोटो आधीच काढावा.

एकच बिघाड दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा झाला, तर प्रत्येक वेळी नवे जॉब कार्ड घ्यावे. एकाच दोषाची तीन जॉब कार्डे हा बनावटीतील दोषाचा चांगला पुरावा ठरतो.

डीलर जबाबदार की कंपनी?

डीलर कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी डीलरकडे, हा अनुभव अनेकांना येतो. यात कायद्याची स्थिती समजून घ्यावी.

गोव्यातील एका कार खरेदीदाराचे प्रकरण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढले. त्याला २०११ च्या मॉडेलऐवजी २००९ ची, आधी चाललेली गाडी देण्यात आली, अशी तक्रार होती. कंपनी टाटा मोटर्स होती. कंपनी डीलरला गाडी विकते आणि डीलर ग्राहकाला; दोघांतील करार स्वतंत्र व्यापाऱ्यांमधील असेल, तर डीलरच्या कृत्यासाठी कंपनी आपोआप जबाबदार ठरत नाही, कंपनीला त्याची माहिती होती हे दाखवावे लागते, असे न्यायालयाने म्हटले.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, ट्रॅक्टर ताब्यात घेतानाच बनावटीचा महिना-वर्ष, चेसिस क्रमांक आणि हवर मीटर तपासून डिलिव्हरी चलनावर लिहून घ्यावा. दुसरी, तक्रारीत कोणाचा काय दोष हे वेगळे मांडावे. बनावटीतील दोषासाठी कंपनी, तर चुकीची जोडणी, सर्व्हिसमधील हलगर्जी, जुना माल नवा म्हणून देणे यासाठी डीलर. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा यांची जबाबदारी स्वतंत्रपणे सांगितली आहे. म्हणून डीलर आणि कंपनी दोघांनाही पत्र पाठवावे आणि दोघांनाही पक्षकार करावे.

‘संपूर्ण ट्रॅक्टर बदलून द्या’ ही मागणी सहसा मान्य होत नाही. मारुती उद्योगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले, की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याची हमी असेल, तर तेवढीच जबाबदारी येते. त्यामुळे भाग विनामूल्य बदलणे, घेतलेले पैसे परत करणे आणि झालेल्या नुकसानीची भरपाई, अशी मागणी नेमकी ठेवावी.

सुटे भाग घेताना

दुकानातून भाग घेताना छापील बिल घ्यावे. बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, हेही त्याच व्याख्येत येते. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापले असले, तरी सदोष मालासाठी तुमचा हक्क संपत नाही.

शेतीच्या ट्रॅक्टरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. ट्रॅक्टरचे टायर आणि ट्रॅक्टरसाठीचे अनेक सुटे भाग १८ वरून ५ टक्क्यांवर आले आहेत. बिलावरील दर तपासावा.

लेखी तक्रारीचा नमुना

> प्रति, व्यवस्थापक, (डीलरचे नाव व पत्ता)
> प्रत : ग्राहक सेवा विभाग, (कंपनीचे नाव व पत्ता)
> विषय : वॉरंटीतील ट्रॅक्टरच्या दुरुस्तीबाबत
> मी दि. ___ रोजी आपल्याकडून ___ मॉडेलचा ट्रॅक्टर (चेसिस क्र. ___, इंजिन क्र. ___) खरेदी केला. दि. ___ रोजी, ___ तास झाले असताना ___ हा बिघाड झाला. जॉब कार्ड क्र. ___ नुसार ट्रॅक्टर आपल्याकडे आहे. सर्व सर्व्हिस वेळेवर झाल्या असून नोंदी सोबत जोडल्या आहेत. सदर भाग वॉरंटीत विनामूल्य बदलून १५ दिवसांत ट्रॅक्टर चालू स्थितीत द्यावा. वॉरंटी नाकारायची असल्यास कारण आणि तपासणी अहवाल लेखी द्यावा. ट्रॅक्टर बंद असल्याने मला भाड्याने काम करून घ्यावे लागत असून त्याच्या पावत्या मी ठेवत आहे.

पत्र स्पीड पोस्टने आणि ई-मेलने पाठवावे. ‘कारण लेखी द्यावे’ हे वाक्य वगळू नये. तोंडी नकार देणे सोपे असते, लेखी कारण द्यावे लागले की कंपनीचा अभियंता प्रत्यक्ष तपासणीला येण्याची शक्यता वाढते.

दाद कोठे मागावी

पहिली पायरी म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा. तेथे तडजोड न झाल्यास बुलढाणा येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते.

- डीलर मलकापूर, खामगाव किंवा जिल्ह्याबाहेरचा असला, तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते.
- दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाचे अधिकार क्षेत्र आहे. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये आणि १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये आहे.
- तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज करावा. ‘पुढच्या महिन्यात बघू’ या आश्वासनांत ही मुदत संपू देऊ नये.
- अर्ज स्वतः करता येतो, वकील बंधनकारक नाही. ई-जागृती पोर्टलवरूनही अर्ज करता येतो.
- विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि वाढवून जास्तीत जास्त १५ दिवस मिळतात.
- निकाल मान्य नसल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

शेतकरी ‘ग्राहक’ नाही, ट्रॅक्टर व्यावसायिक कामासाठी घेतला, असा बचाव केला जातो. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यावसायिक वापरात धरली जात नाही. स्वतः काम करताना एक-दोघांची मदत घेतली तरी हा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले आहे. अर्जात ‘स्वतःच्या शेतीसाठी व उपजीविकेसाठी’ असे स्पष्ट लिहून सातबारा जोडावा.

तज्ज्ञ अहवाल आणि नुकसानीचा पुरावा

बनावटीत दोष आहे, हे नुसते म्हणून चालत नाही. तज्ज्ञाच्या अहवालाअभावी अनेक तक्रारी फेटाळल्या जातात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा शासकीय संस्थेकडून तपासणी व्हावी, असा अर्ज तक्रारीसोबतच आयोगाकडे द्यावा. तोपर्यंत सदोष भाग तसाच जपून ठेवावा.

भरपाईसाठी भाड्याच्या ट्रॅक्टरच्या तारीखवार पावत्या, ऑनलाइन दिलेल्या पैशांच्या नोंदी आणि ई-पीक पाहणीची नोंद जोडावी. केवळ ‘हंगाम वाया गेला’ असे लिहिल्यास रक्कम ठरवता येत नाही.

हप्ता थांबवू नये

डीलरवरील रागातून कर्जाचे हप्ते बंद करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कर्जाचा करार बँक किंवा फायनान्स कंपनीशी वेगळा असतो. हप्ते थकल्यास ट्रॅक्टर जप्त होऊ शकतो आणि तपासणीसाठीचा मुख्य पुरावाच हातातून जातो. हप्ते चालू ठेवून भरलेले व्याज नुकसानीत मागावे.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांसाठी

खरिपापूर्वीच्या गावबैठकीत बियाणे उगवणशक्ती चाचणीबरोबर यंत्रांच्या कागदपत्रांचाही विषय घ्यावा. एकाच मॉडेलचा एकच बिघाड गावातील अनेकांना येत असेल, तर त्यांची जॉब कार्डे एकत्र करून कंपनीला संयुक्त पत्र पाठवण्यास मदत करावी. एकट्याच्या तक्रारीत ‘वापर चुकीचा’ म्हणता येते. पाच शेतांवर तोच भाग तुटला असेल तर तसे म्हणणे अवघड होते.

ट्रॅक्टरच्या टूल बॉक्समध्ये नव्हे, तर घरात एका फाइलमध्ये बिल, वॉरंटी कार्ड, सर्व्हिस बुक, जॉब कार्डे आणि पावत्या एकत्र ठेवाव्यात. त्यांचे फोटो मोबाइलमध्येही असावेत.